फडक्याखालची केबल

माझा जन्म कुठला म्हणाल तर गाव सांगता येत नाय, कारण मी मेंढरांमागं जन्मले, पाचोडच्या अलीकडं कुठल्यातरी पडीक रानात, आई सांगायची बाभळीखाली झालीस आन तिसऱ्या दिवशी आपण तिथून हललो. आम्ही धनगर, मेंढरं जिकडं तिकडं आम्ही. शाळा मी लांबून बघितली, पोरं पाटी घेऊन जायची आन मी कोकरं घेऊन. पण मला ओळखायला लई यायचं. एवढ्या कळपात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं ते मी नुसतं बघून सांगायची, बाप म्हणायचा गयाची नजर लई तेज. ती नजर पुढं कुठं कामाला आली ते ऐकलं तर हसाल तुम्ही. हसा, मी पण लई दिवस हसले.

लग्न झालं, मालक औरंगाबादला आले. आता संभाजीनगर म्हणतात, माझ्या तोंडात जुनंच येतं. बीड बायपासच्या अंगाला एक कॉलेज बांधायला काढलं होतं तिथं मालक वॉचमन लागले, मागं पत्र्याच्या खोलीत आम्ही. कॉलेज उभं राहिलं आन मालक गेले, छातीत दुखलं म्हणून बसले ते उठलेच नाय. कॉलेजवाल्यांनी मला झाडलोटीला घेतलं, पण खोली सोडावी लागली, लांब वस्तीत राहायला गेले. आधी संडास, मग वरांडे, मग तिसऱ्या मजल्यावरची लॅब. वाचायला मी तिथंच शिकले, पाट्या बघून बघून. चपला बाहेर काढा, ही मी वाचलेली पहिली ओळ. कुणी शिकवली नाय, पोरं चपला काढायची तवा पाटीकडं बघायची, त्यावरून मीच ताडलं.

ती लॅब नेटवर्किंगची. म्हणजे एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्यापर्यंत कसं जातं ते शिकायची खोली. ते बोलणं वायरीतून जातं, आन एका वायरीच्या पोटात आठ बारक्या तारा असतात, केसापेक्षा थोड्या जाड. त्या आठ तारा नंबरानं लावून टोकाला काचेसारखा कनेक्टर घालायचा आन पक्कडीनं दाबायचा. झाली केबल. मग ती टेस्टरला लावायची, टेस्टरवर एक ते आठ दिवे एकामागं एक लागले की पोरगं पास. एक जरी दिवा चुकला तर नाय.

सर पोरांना रंग पाठ करून घ्यायचे, पोरं चुकायची, आन मी कोपऱ्यात फरशी पुसता पुसता बघायची. काय सांगू तुम्हाला, मला ते पहिल्या दिवशी कळलं. चार रंगांच्या जोड्या असतात, एक तार पट्ट्याची आन एक भरल्या रंगाची. म्या म्हणलं भरल्या रंगाची ती मेंढी आन पट्ट्याचं ते तिचं कोकरू. केशरी कोकरू, केशरी मेंढी, मग हिरवं कोकरू, आन इथं गंमत आहे बघा, हिरव्या कोकराजवळ त्याची आई नाय लावायची, मधे निळी जोडी घुसते आन मग हिरवी मेंढी, आन शेवटाला तपकिरी दोघं. सगळी पोरं तिथंच चुकायची, हिरव्याला हिरवं चिकटवायची. एकदा सर बाहेर गेले तवा म्या एका पोराला म्हणलं, अरे आईला लांब ने. त्यानं नेली, आठ दिवे लागले. तवापासून मी मावशीची झाले मास्तरीण मावशी. पुढं सरांनीच मला पक्कड धरायला शिकवली, म्हणाले टर्मच्या शेवटाला उरलेले कनेक्टर तुम्हीच लावून ठेवा मावशी, तुमचा हात चांगला बसलाय.

पहिल्या साली वायरीचं मोठं खोकं आलं होतं, पोरं वायर खांद्यावर टाकून फिरायची. मग खोकं काय परत आलं नाय. तीच वायर, टोक कापायचं, परत लावायचं, पुढल्या वर्षी परत कापायचं. वर्षावर्षाला वायर आखूड होत गेली. हातभर झाली, मग वीतभर. कनेक्टर पण मोजून, परीक्षेला एका पोराला दोन टोकांचे दोन आन चुकला तर वरचा एक, बास. वर्षभर हातानं करायला काही नाय आन परीक्षेला एकदम करा म्हणायचं, तर पोरं चुकणार नाय तर काय.

तर एक पोरगी होती सिल्लोडची, शबाना नाव, मला खाला म्हणायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षा घ्यायला आलेले बाहेरचे साहेब चहा पीत बसलेले, तिचा वरचा कनेक्टर पण बिघडला. ती माझ्याकडं बघून बारीक आवाजात म्हणाली, खाला, घर बिठा देंगे मेरे को. माझ्याच्यानं बघवलं नाय. मी लावून ठेवलेली एक केबल फडक्याखाली धरली, टेबल पुसल्यासारखं केलं आन फडकं उचललं तवा केबल तिच्यापुढं. आठ दिवे लागले. ती पास झाली, डब्यातून शिरखुर्मा घेऊन आली, माझ्या पाया पडायला लागली, म्या म्हणलं नको गं, तुमच्यात नसतं तसं.

मग पडला पायंडा. दरसाल चार-सहा केबली मी तयार ठेवायची. सरांना मालूम होतं. परीक्षेच्या सकाळी म्हणायचे, मावशी, फडकं तयार आहे ना. सर वाईट नव्हते, त्यांच्या डोक्यावर निकालाची तलवार होती. गेटवर बोर्ड लागायचा, शंभर टक्के निकाल, आन मी तो बोर्ड पुसताना मनात म्हणायची, यात माझा पण वाटा आहे. सगळ्यांची मावशी होते मी. पोरं पेढे द्यायची. मला वाटायचं मी पुण्य करते.

आता कोमलचं सांगते. कोमल माझी नात, भीमाची पोरगी. भीमा माझा लेक, तो आन सून अजून मेंढरांमागंच, दिवाळी झाली की निघतात ते मिरगाला परत येतात. पोरीची शाळा बुडते म्हणून ती दुसरीपासून माझ्याजवळ. लई हुशार. दहावीला चांगले मार्क पडले तवा ती म्हणाली आजी, मला नेटवर्किंगमधे जायचंय, कंपन्यांत मोठमोठ्या मशिनी असतात, त्यांचं बोलणं थांबलं की सगळं थांबतं, ते सुरू करणारं माणूस मला व्हायचंय. भीमा म्हणाला शिकव, पण डिप्लोमा झाल्यावर दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर लागली, नाय तर फर्दापूरचं स्थळ मी धरून ठेवलंय. आमच्यात एवढं शिकवलं हेच लई, त्याला बोल लावता येत नाय.

आमच्याच कॉलेजात तिचा नंबर लागला. पहिल्या दिवशी मला म्हणाली, आजी, लॅबमधे मी तुला मावशी म्हणणार, सगळ्यांसारखं, राग नको मानू. म्या म्हणलं म्हण की. लाजते ती आपली, म्हणून मी हसले. भाकरी खाताना ती मला सांगायची, प्रत्येक कॉम्प्युटरला पत्ता असतो, चार आकड्यांचा, पोस्टमनसारखं एक मशीन असतं ते पत्ता बघून पाठवतं. आरतीसारखं पाठ होतं तिला सगळं. पण ते मशीन तिनं हातात कवा धरलं नाय. लॅबमधे दोन होती, एक जळालेलं, दुसरं काचेच्या कपाटात कुलपात, कारण तेही जळलं तर जिम्मेदारी कुणाची. पोरांनी काचेतून बघून जर्नलमधे चित्र काढायचं. कोमलचं चित्र सगळ्यात देखणं.

म्या एकदा तिला म्हणलं, ये, तुला केबल शिकवते, माझा हात बसलाय. तर म्हणाली आजी, ते आता कोण हातानं करतं, सगळं सॉफ्टवेअरवर असतं. मला वाटलं असेल बाबा. आन दुसरं असं की शिकवायला घरी कनेक्टर लागतात, ते लॅबमधून आणायचे म्हणजे चोरी. मी त्या लॅबमधली टाचणी घरी आणली नाय कवा. हे मी किती वेळा अभिमानानं सांगितलंय लोकांना. एक कनेक्टर नाय आणला, आन परीक्षेत मात्र... असो. सांगते ना.

शेवटच्या परीक्षेला कोमलचा नंबर दुपारी आला. एक टोक लागलं, दुसऱ्या टोकाचा कनेक्टर बिघडला. वरचा हातात घेतला आन ती खाली मान घालून तारा सरळ करत बसली, एकेक, एकेक, सावकाश. बाकीची पोरं अडली की माझ्याकडं बघायची. ती बघत नव्हती. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझा जीव राहीना. भीमाचं बोलणं डोक्यात, फर्दापूर डोक्यात. मी फडकं घेऊन तिच्या टेबलाजवळ गेले. ती वर न बघता म्हणाली,

नको आजी. जमतंय मला. थोडी थांब.

मावशी नाय म्हणाली, आजी म्हणाली. आन मी थांबले नाय. फडकं ठेवलं, उचललं, तिच्या हातातली वायर फडक्यात आली आन माझी टेबलावर राहिली. साहेब उठून आलेच. आठ दिवे लागले, साहेब म्हणाले छान. घरी जाताना कोमल रिक्षात बाहेर बघत बसली. मला वाटलं थकली.

दुसऱ्या दिवशी फडकं धुवायला घेतलं, आन त्यातून ती वायर पडली. मी उचलून बघितली. केशरी कोकरू, केशरी मेंढी, हिरवं कोकरू, निळी मेंढी, निळं कोकरू, मग हिरवी मेंढी, मग तपकिरी दोघं. आठी तारा नंबरानं कनेक्टरमधे अगदी टोकापर्यंत गेलेल्या. नुसतं दाबायचं राहिलं होतं. एवढं, नुसतं पक्कडीनं दाबायचं. एक घास गिळायला लागतो तेवढा वख्त पाहिजे होता तिला, तो म्या दिला नाय.

ती वायर म्या माझ्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, लुगड्याखाली. कुणाला बोलले नाय.

पुढं वाळूजच्या एका कंपनीनं पोरं बोलावली, कोमलला पण. तोंडी सगळं बरोबर सांगितलं तिनं. मग तिथल्या सुपरवायझरनं वायर आन पक्कड हातात दिली, म्हणाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत दहा कर. तिच्या चारपण झाल्या नाय. एकीत हिरव्याला हिरवं लागलं, बाकीच्यांत दाब कमी, दिवे मधेच विझायचे. तो माणूस काय वाईट बोलला नाय. त्यानं विचारलं, कॉलेजात किती केल्यास. ती म्हणाली एकही नाय सर. तो म्हणाला पण मार्क तर पैकीच्या पैकी आहेत. ती म्हणाली ते माझे नाहीत. अशी पोरगी. तो म्हणाला, डोकं आहे तुला, हात बसलेला नाय, महिनाभर कुठंतरी हात बसवून ये, मग बघू.

हे तिनंच मला घरी येऊन सांगितलं, पाय धुता धुता. म्या म्हणलं मग बसवू की हात, मी आहे ना. तर म्हणाली, नाय आजी, माझ्या हातातच नाय ते. तुला पण माहीत होतं, म्हणून तर तू आलीस फडकं घेऊन. तुझी नजर चुकत नाय.

तवा पेटी उघडायची होती हो. चार पावलांवर होती पेटी. उघडून म्हणायचं होतं, बघ, तुझ्या हातात होतं, माझीच नजर चुकली, बघायच्या आधीच मी झाकलं. पण मला लाज वाटली. सगळ्यांची पुण्यवान मावशी मी, नातीपुढं कसं म्हणू. उद्या सांगू म्हणलं. परवा सांगू म्हणलं. ती महिनाभर नुसती बसून राहिली, पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली, जर्नल पण. दिवाळीला भीमा आला, त्यानं विचारलं काय झालं नोकरीचं, ती म्हणाली बाबा, तुम्ही म्हणाल तसं. झालं. तुळशीचं लग्न लागलं आन पाठोपाठ तिचं.

यंदाच्या परीक्षेला सर म्हणाले मावशी, फडकं तयार आहे ना. म्या म्हणलं फडकं आहे, खाली काही नाय. म्या आधीच सांगितलं होतं सरांना, वर्षभर पोरांच्या हातात वायर द्या. त्यांनी वर अर्ज केला म्हणाले, वायर काय आली नाय. तीन पोरं नापास झाली. त्यातल्या एकाची आई मला गेटवर येऊन बोलली, तुमचं काय जात होतं म्हणाली. तिचं पण खरंच आहे. पंधरा दिवसांनी माझी बदली पार्किंगमधे झाली. लॅबला दुसरी बाई आहे, तरणी आहे, ती फडक्याची युक्ती माझं बघूनच शिकलेली. बोर्ड परत लागेल शंभर टक्क्याचा. मधे बाजारात शबाना दिसली, कापडाच्या दुकानात घड्या घालत होती, लांबून सलाम केला तिनं. आधी मला बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून पुढं गेले. किती पोरांच्या हातातून मी असं काढून घेतलंय, ते कोण सांगणार.

पंचमीला कोमल माहेरपणाला आली, माझ्याकडंच आली. सासरी बरं आहे तिचं, लेण्यांकडं जाणाऱ्या लोकांसाठी त्यांची चहाची टपरी आहे, ती गल्ल्यावर बसते. नवरा शांत आहे. बांगड्या ठेवायला तिनं पेटी उघडली आन लुगड्याखालून ती वायर निघाली. मी चुलीपुढं होते. आता पळायला जागा नव्हती, म्या सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसं, कधी सापडली, का नाय बोलले. ती रडेल वाटलं, भांडेल वाटलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं वायर उजेडाला धरली, एकेका तारेवरून नख फिरवलं, केशरीपासून तपकिरीपर्यंत.

बरोबर लावलं होतं मी, म्हणाली.

म्या म्हणलं व्हय.

ती वायर तिनं होती तशी लुगड्याखाली ठेवली आन उठून म्हणाली, सरक आजी, भाकरी मी टाकते, तुझे डोळे धुरानं लाल झालेत. मी सरकले. तिचा हात आता भाकरीवर चांगला बसलाय, गोल पडते. देव तिला सुखी ठेवो, तिच्या पोटी पोरगी आली तर तिच्याही हाताला काम देवो, आन तिच्या जवळ माझ्यासारखं मायेनं घाई करणारं कुणी नसो. दुसरं काय मागू. उद्या सात वाजता पार्किंग झाडायचंय.