सगळ्यात जास्त खपणारं पुस्तक

तृप्ती : चाचा, हे पुस्तक तुम्ही एकदा विकलंय की पाचदा?

सिराजोद्दीन : दाखव इकडं. चष्मा कुठं ठेवला मी... हां. सी लँग्वेजचं आहे. का, पानं सुटली का?

तृप्ती : पानं शाबूत आहेत. पहिलं पान बघा. पाच मुलींची नावं आहेत. चार खोडलेली, पाचवं तसंच.

सिराजोद्दीन : मंग? बराबरच आहे की. परीक्षा झाली की पोरी पुस्तक आणून देतात, मी अर्ध्या किमतीत ठेवून घेतो आन जूनमधी पुढच्या पोरीला देतो. तीस वर्षं झाली, हे दुकान असंच चालू आहे. अंबडमधी कोरं पुस्तक घेणारं गिऱ्हाईक कितीक असतंय?

तृप्ती : मागच्या वर्षी मी इथंच उभं राहून तुम्हाला विचारलं होतं, प्रोग्रॅमिंगचं कुठलं पुस्तक सगळ्यात जास्त जातं. तुम्ही विचारसुद्धा केला नाही. सीचं म्हणालात.

सिराजोद्दीन : खोटं न्हाई सांगितलं. आजबी तेच जातं.

तृप्ती : जातं, परत येतं आणि पुन्हा तेच जातं. आज दुपारी क्लासातली पुस्तकं उघडून बघितली. प्रत्येकावर चार-पाच नावं. आणि ही कडा बघा. साठाव्या पानापर्यंत काळी पडलीय, पुढं पांढरीफटक. पाच जणींनी घेतलं, पण साठाच्या पुढं एकही गेली नाही.

सिराजोद्दीन : कॉलेजात पहिल्या वर्षाला लावलेलं आहे ना. पास होण्यापुरतं वाचतात. पण बेटा, तू उभी का? बस आधी. पाणी घे.

तृप्ती : पाणी नको. सोमवारी पुण्याची कंपनी येतेय, माझ्या क्लासच्या चौदा मुलींची परीक्षा घ्यायला. आज त्यांचं पत्र आलं. सगळे प्रश्न पायथनमध्ये. दुसरी भाषा चालणार नाही. आणि मी वर्षभर काय शिकवलं?

सिराजोद्दीन : सी.

तृप्ती : सी.

सिराजोद्दीन : एक भाषा आली की दुसरी जल्दी येते, असं तूच म्हणल्ती.

तृप्ती : जल्दी म्हणजे दोन-तीन महिने, चाचा. आज शुक्रवार आहे.

सिराजोद्दीन : पण तू शिकलेली बाई. मी आपला पुस्तकं विकणारा. इंटरनेटवर का न्हाई बघितलं?

तृप्ती : बघितलं होतं. एक म्हणतो हीच भाषा चालणार, दुसरा म्हणतो ती कधीच संपली. बारा वर्षं मी पोरं मोठी करत घरात होते. कुणाचं खरं मानावं तेच कळेना. मग वाटलं, फुकट बोलणारा काहीही बोलेल, पण खिशात हात घालून पुस्तक घेणारा माणूस खोटं बोलणार नाही.

सिराजोद्दीन : खोटं न्हाई बोलत तो. पण कशापायी घेतो, हे मी कधी विचारलंच न्हाई. पायथनची सहा पुस्तकं आणली होती मी. दोन वर्षांत सहाच्या सहा गेली. परत एकबी आलं न्हाई.

तृप्ती : हे तेव्हा का नाही सांगितलं?

सिराजोद्दीन : तू जास्त कुठलं जातं ते विचारलंस. मला वाटलं, सहाच गेली म्हणजे खपत न्हाई. पुन्हा मागवलीच न्हाई मी. घेणाऱ्याला ते ठेवून घ्यावंसं वाटलं असेल, हे डोक्यातच आलं न्हाई.

तृप्ती : तेरा जणी चिडतील, रडतील, पुन्हा शिकतील. प्रीतीचं तसं नाही. जांब समर्थकडचं स्थळ आलंय तिला. तिच्या वडलांच्या, भागवतरावांच्या ओट्यावर बसून मी शब्द दिलाय की वर्षभरात नोकरी लागेल, तोवर थांबा. ते म्हणाले, परीक्षेत पास निघाली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढत नाही. नाही निघाली तर मंगळवारी सुपारी फोडतो.

सिराजोद्दीन : मंग बोलूच नको ना. सोमवार जाऊ दे. पेपर अवघड गेला म्हणायचं.

तृप्ती : म्हणजे चूक तिची.

सिराजोद्दीन : तू सांगितलंस तर क्लासला कुलूप लागेल. अंबड लहान आहे, बेटा. पुन्हा कुणी पोरगी पाठवणार न्हाई.

तृप्ती : दुपारपासून तेच डोक्यात आहे. आधी तिचा विचार यायला पाहिजे होता. आधी क्लासचा आला. त्याचीच लाज वाटतेय.

[प्रीती दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहते.]

प्रीती : मॅडम, क्लासला कुलूप दिसलं म्हणून इकडं आले. ते पत्र मलाबी आलंय मोबाइलवर.

तृप्ती : वाचलंस?

प्रीती : तीनदा. मॅडम, मागच्या वर्षी दिवाळीत मी तुम्हाला विचारल्तं. म्हणल्ते, माझी मामेबहीण पुण्यात पायथन शिकून राह्यली, आपण का न्हाई शिकत. तुम्ही म्हणल्या, त्याचं पुस्तक तरी कुणी घेतं का इथं.

तृप्ती : म्हणाले होते.

प्रीती : तिनंबी पुस्तक घेतलंच न्हाई. मोबाइलवरच शिकली सगळं.

सिराजोद्दीन : आन मी गल्ल्यावर बसून दुनियेचा अंदाज करून राह्यलो.

तृप्ती : घरी सांगितलंस?

प्रीती : न्हाई. मी पास व्हायची न्हाई असं धरून वडील सकाळपासून पाहुण्यांना फोन लावून राह्यले, मंगळवारी किती माणसं येणार म्हणून. आईनं साडी काढून ठेवली.

तृप्ती : मी आत्ता तुझ्याबरोबर येते. सांगते त्यांना, पोरीची चूक नाही, मीच चुकीचं शिकवलं. कंपनी उन्हाळ्यात पुन्हा येणार आहे. तेवढे सहा महिने द्या म्हणते.

प्रीती : ते म्हणतील, मागंबी तुम्हीच शब्द दिल्ता.

तृप्ती : म्हणतील.

प्रीती : मंग?

तृप्ती : मग ऐकून घेईन. तुझ्या वडलांसमोर बसायची भीती वाटतेय मला, खरंच सांगते. पण येते.

सिराजोद्दीन : मीबी येतो. शटर ओढू दे. तुझ्या मॅडमला मीच सांगितल्तं.

प्रीती : या चाचा. पण मॅडम, आमच्याकडं मोठी माणसं बोलायला बसली की मला चहा ठेवायला आत पाठवतात.

तृप्ती : पाठवू देत. मी सांभाळते बाहेर.

प्रीती : न्हाई मॅडम. आज चहा आईला करू द्या. मी तिथंच बसणार हाय.