नेड्रानं केलेलं भाषांतर

हॅलो?… कोण?… व्हर्ला, तू होय. अगं बोल ना. तिकडे आत्ता कुठे सकाळ होत असेल. आईची आंघोळ झाली?

…कसलं अभिनंदन?

थांब, थांब. कुठलं पत्र? …आज आलं? रुलॉननं पाठवलं? …सगळ्यांना? म्हणजे मुलांना, चुलत भावंडांना, तुमच्या चर्चच्या बिशपनाही?… वाच बरं मला. …नाही, मी वाचलेलं नाही. सोमवारचं ईमेल-पत्र तोच लिहितो, बायकोला कोण दाखवतंय. वाच तू.

'नेड्रा आणि मी आनंदानं कळवतो की'… हं. नेड्रा आणि मी. आनंदानं. …पुढे वाच. …'जर्मनीतलं मिशन आणखी सहा महिने वाढवलं आहे.' …हं. …काय? ते परत वाच. 'नेड्राचा तर इथून पायच निघत नाही'? असं लिहिलंय त्यानं? नेड्राचा?

मी ओरडत नाहीये. …बरं, ओरडतेय. ओरडू दे मला जरा.

नाही, तो घरात नाही. तळघरात गेलाय, वाळलेले कपडे काढायला. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून वाळवायची खोली एकच, आणि आमचा वार सोमवार. संध्याकाळी सहाच्या आत दोऱ्या मोकळ्या केल्या नाहीत तर खालच्या बाई आमचे कपडे पायरीवर आणून ठेवतात… घडी घालून. घडी घालून ठेवतात, तेच तर जास्त लागतं.

ऐक ना आता. मला त्यानं विचारलेलंच नाही, व्हर्ला. …नाही. एका शब्दानं नाही. …मलाही कालच कळलं. चर्चमध्ये. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या.

सांगते ना, सांगते. काल उपासाचा रविवार… हो, तुमच्याकडेही असणारच, महिन्याचा पहिला. इथेही तेच. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही आणि ज्याला वाटेल त्यानं पुढे जाऊन मनातलं बोलायचं. आमची मंडळी किती, तर मूठभर. सगळी सत्तरीची. जुन्या पूर्व जर्मनीत, शाळेत रशियन शिकलेली पिढी ही, इंग्रजीचा गंध नाही. आणि रुलॉनचं जर्मन म्हणजे 'डांके' आणि 'बिट्टं', आभार आणि प्लीज. दीड वर्षात तिसरा शब्द नाही. म्हणून तो बोलतो आणि मी शेजारी उभी राहून जर्मनमधून सांगते… हो, आजीचंच जर्मन. तुझ्या लक्षात नाही राहिलं, माझ्या राहिलं. ते आता हे असं कामी येतंय.

तर हा उठला. डोळे आधीच भरलेले. वाटेत माझ्या कानाशी लागून म्हणतो, 'चल, तुझ्यासाठी एक गंमत आहे.' …गंमत. अगदी हाच शब्द. आणि मग तिथे उभा राहून जाहीर केलं, 'आम्ही ठरवलंय, आणखी सहा महिने तुमच्याबरोबर राहायचं.' आम्ही.

…अगं, मिशनच्या अध्यक्षांचा फोन आला होता म्हणे, मागच्या आठवड्यात. पुढचं जोडपं यायला उशीर आहे, जमेल का बघा. पण आधी सिस्टरना, म्हणजे मला, विचारा, असं ते स्वतः म्हणाले. हेही मला यानंच सांगितलं, घरी येताना गाडीत, हसत हसत. हा त्यांना म्हणाला, 'विचारायचं काय, ती नाही म्हणणारच नाही.' …नाही गं, अध्यक्षांचा काय दोष. ते बिचारे विचारा म्हणाले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं ते आमच्या घरातल्यानं.

'चालेल'? काय चालेल?

व्हर्ला, तुला दोन पावलं धड टाकता येत नाहीत आणि तू मला 'चालेल' म्हणतेस? …देवाचं काम आहे हे मला ठाऊक आहे. दर वेळी देवाला पुढे करू नकोस. आईला बिछान्यातून कोण उचलतं?… तूच ना? एका हातात काठी धरून? …काल पडता पडता वाचलीस? आणि हे मला आत्ता सांगतेयस?

आपल्या लोकांचं हे असंच. बोलावणं आलं की हो. 'जमेल का' विचारलं की हो. पाठ मोडली तरी हसून हो. नाही म्हणायचा शब्द आपल्याला कोणी शिकवलाच नाही. आईनं नाही, आजीनं नाही. तूही तसलीच, आणि कालपर्यंत मीही तसलीच.

सहा मे. सहा मेला तुझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे, आणि त्यासाठी तू मी परत यायची वाट बघत थांबलीयस. इकडे निघताना शब्द मी दिला होता. एप्रिलच्या मध्यात येते, आईला मी बघते, तू निवांत पडून राहा. रुलॉन तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात बसला होता, तुझाच पाय खात होता. …पाय म्हणजे सफरचंदाचा गं. ऐकलं होतं त्यानं सगळं.

तू दवाखान्यात फोन केलास का, तारीख रद्द करायला?… अजून उघडला नाही? मग करू नकोस. …मी सांगतेय म्हणून. करू नकोस. त्यांनी नवी तारीख दिली तर ती हिवाळ्यातली देतील, आणि तोवर तुम्ही दोघी त्या न्हाणीघरात कोसळून पडाल.

…हो, कबूल. तो चांगला माणूस आहे. वाईट असता तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते. …कामही करतो, पण कुठलं? शुक्रवारी आम्ही त्या तरुण मिशनऱ्यांच्या खोल्या तपासायला जातो. हा दारात उभा राहून सगळ्यांना शाबासकी देतो आणि मी गुडघ्यांवर बसून संडास कसा घासायचा ते दाखवते. गुरुवारी सगळ्यांना जेवण. बटाटे मी सोलते, प्रार्थना हा म्हणतो. खुर्च्या मी मांडायच्या, भाषण यानं द्यायचं, आणि त्या भाषणाला तोंडही माझंच. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माझी ना नाही, व्हर्ला. आपल्या पायांनी आलेय मी. पण किती भाजायच्या, एवढं तरी मला विचाराल की नाही?

कळतं गं मला, का राहायचंय त्याला ते. घरी कोण विचारतं त्याला? कालव्याच्या खात्यातून निवृत्त झाला तसा गॅरेजात बसून जुने खिळे सरळ करायचा. इथे म्हाताऱ्या त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवतात. रविवारी चर्चच्या वर्गात तो आला की सगळे उठून उभे राहतात. कळतं, म्हणून तर जास्त राग येतो. न कळता रागावणं सोपं असतं.

…आता कसं बदलणार? सगळ्यांना सांगून झालं, म्हणतेस?

नाही झालं.

म्हणजे… तुम्हा सगळ्यांना झालं, पत्रातून. इथल्यांना नाही. …अगं, त्यानं सांगितलं, पण इंग्रजीत सांगितलं. ते तरुण मिशनरी काल दुसऱ्या गावी गेले होते. म्हणजे तो काय म्हणाला ते तिथे मला एकटीलाच कळलं. आणि मी… मी दुसरंच सांगितलं.

हॅलो? …व्हर्ला? आहेस ना?

हो. तेच. तो म्हणाला, आणखी सहा महिने राहणार. मी म्हणाले, आता फक्त सहा आठवडे राहिलेत, मग आम्ही घरी जातोय, माझी आई थकलीय आणि बहिणीचं ऑपरेशन आहे. …ठरवून नाही गं. तोंड उघडलं आणि तेच बाहेर आलं. इतकं सरळ जर्मन माझ्या तोंडून कधी आलं नव्हतं. आणि 'सहा' जर्मनमध्येही इंग्रजीसारखंच ऐकू येतं, तेवढं त्याला ओळखीचं वाटलं असणार, मान डोलावत होता.

लोक रडायला लागले. रोझविता, ती माझी मैत्रीण, ती तर हुंदके द्यायला लागली. हा एकेकाला मिठी मारतोय आणि मला म्हणतो, 'बघ, किती आनंद झालाय सगळ्यांना.'

…हसू नकोस. …नाही, हस. नाहीतर रडशील.

माहीत आहे. मला माहीत आहे ते काय आहे. खोटं. उपासाच्या दिवशी, व्यासपीठावरून. माझ्यावर विसंबून बसलेल्या माणसांशी. …पण तो तरी खरं बोलला का? 'आम्ही ठरवलंय' म्हणाला. कुठल्या आम्ही? त्याचं खोटं आधीचं आहे. मी फक्त ते जर्मनमध्ये सांगायचं नाकारलं.

नाही, त्याला अजून नाही सांगितलं. …सांगणार होते. काल सांगणार होते, पण तो गाडीत गुणगुणत होता. आज सांगणार होते तर…

थांब. जिन्यात आवाज येतोय. रुलॉनचा आहे… कोणाला तरी वर घेऊन येतोय. …रोझविता. आणि तिचा नवरा, गॉटफ्रीड. ठेवू नकोस हं, व्हर्ला. अजिबात ठेवू नकोस.

गॉटफ्रीडच्या हातात लाकडी कमान आहे. …अगं, खिडकीत ठेवतात ती, मेणबत्त्यांची. स्वतः कोरतो तो. नाताळ होऊन गेलाय, आत्ता ती कोणी कशाला आणेल… निरोपाची भेट आहे ही.

…काय रे? …हो, बहिणीशी बोलतेय. …बघितली, सुंदर आहे. …नाही रुलॉन, आपण राहतोय म्हणून नाही आणलेली. …काय म्हणतायत? विमान कुठल्या दिवशी आहे विचारतायत. विमानतळावर सोडायला यायचं म्हणतायत. …हो, विमान. आपलं. …कारण काल मी त्यांना तसं सांगितलं.

नाही. भाषांतर चुकलं नाही. भाषणच चुकलं होतं.

…आहे गं, फोनवरच आहे. बसलाय तो. दारातल्या बुटांच्या बाकावर, कपड्यांची टोपली मांडीवर घेऊन.

…हो, मी खोटं बोलले, रुलॉन. ते मी यांना सांगेन, आत्ता, इथे, माझ्या तोंडानं. माफीही मागेन. पण का बोलले तेही सांगेन, आणि ते तुला ऐकून घ्यावं लागेल. …सगळ्यांना पत्र गेलंय? मग दुसरं पाठव. 'नेड्राला विचारलं नव्हतं' एवढंच लिही, एका ओळीत होईल. …आश्चर्याचा धक्का द्यायचा होता? दिलास. काल व्हर्ला आईला उचलताना पडता पडता वाचली, मला धक्के पुष्कळ आहेत.

…काय? नाही व्हर्ला, तुला नाही. रोझविता विचारतेय, ब्रदरची, म्हणजे रुलॉनची, तब्येत बरी आहे ना, पाणी आणू का. …नाइन, नाइन, डांके. नको म्हटलं तिला. …गॉटफ्रीड ती कमान हातात घेऊन तसाच उभा आहे बिचारा, कुठे ठेवू त्याला कळेना.

काय म्हणालास?

…परत म्हण. मोठ्यानं म्हण, व्हर्लालाही ऐकू जाऊ दे.

ऐकलंस? …नाही आलं ऐकू? विचारतोय, 'नेड्रा, तुला काय करायचंय?'

लग्नाला एवढी वर्षं झाली, हा प्रश्न आज आलाय. बुटांच्या बाकावरून. …नाही, रडत नाहीये. मला वाटलं होतं त्यानं विचारलं की राग उतरेल. उतरत नाहीये, व्हर्ला. उलट चढतोय. एवढासा तर प्रश्न होता.

…हो, रोझविता. आइनन मोमेंट, एक मिनिट. …तो काय म्हणाला ते तिला कळायला हवंय.

नाही, त्यांना नंतर सांगते. आधी याला उत्तर देते, इंग्रजीतच. तू दवाखान्यात फोन करायचा नाहीस. …हो. सहा मे. ठेवते.