हजेरीवरचं नाव

उधन्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे डाइंग मिलचे दोन कामगार उभे होते.

"सुकदेव, ती कॉलेजची बाई आधी डांगात आदिवासींचा अभ्यास करायची. आता तीन महिने आपली भाकरी खाऊन आपला केला!"

"तिने वहीत आपलं सगळं काम टिपलंय, त्यावरून शेठ कॉम्प्युटर बसवणार म्हणे, आबा."

"तू काय सांगितलंस तिला?"

"सगळंच. भिकनदादा गावी गेल्यापासून सहा वर्षं मी हजेरीवर त्याच्या नावाने राबतोय, तेही."

"अरे येड्या! वही शेठच्या हातात पडली की तू बाहेर!"

"कालपासून तेच डोक्यात घोळतंय."

"मग तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?"

"मिलमध्ये सगळे भिकनच म्हणतात, आबा. तिने विचारलं, तुझं स्वतःचं नाव काय?"