खोक्यावरचा पदर

वेंगुर्ल्याच्या एसटीत गुरुदासाच्या शेजारी सासूसुना भलामोठा खोका धरून उभ्या होत्या. बोलणं मोदकाचं की केकचं, हेच त्याला उमगेना.

“आई, फाँडंटार वला फडका कित्याक घातलात?”

“मोदकाच्या उकडीर घालतत, तसाच.”

“ती उकड न्हय, केकार घालूची साखरेची पोळी! पाणी लागला की चिकाटता. पोळी लाटण्यार गुंडाळून केकार सोडूक गेलंय, तर फाटली.”

“माका काय ठावक? तू दार लावन लाटतंस.”

“नवरीन बघल्यान तर? पयलीच ऑर्डर माझी.”

“फाटलेली बाजू भिंतीकडे करूया.”

गुरुदास उठला. “मावशी, बसा.”

सासूने स्वतः न बसता त्या जागेवर खोका ठेवला. खिडकीतून ऊन येत होतं. तिने खोक्यावर पदर धरला.

“आई, परत फडका?”

“सुको आसा गो. हात लावन बघ.”