खिडकीतल्या चिंध्या

न्हाय न्हाय, मिस्त्री, दिव्याला हात लावू नका. आदी नळी बगा की. दिवा तितं वर फळीवर हाय, देवापाशी, आन् तुमचा गॅस खाली खिडकीजवळ — दोगांचा काय संबंध? न्हाय, मी भांडत न्हाय. तुमी गॅस एजन्सीचे माणूस, तुमचं बरोबरच असंल, पण येवढी घाई कशापायी? बसा जरा. च्या टाकती — हां, च्या कशावर टाकणार, ते बी खरंच. मग पाणी तरी घ्या. ती बगा आमची सून, काशम्मा, अंगणात उभी हाय पोरीला कडंवर घिऊन. सकाळधरनं घरात पाय ठिवला न्हाय तिनं. तुमाला बोलवाया तीच गेलती, मला न इचारता, पोरीला घिऊन उन्हातनं. आन् तिच्या पायाजवळची पिशवी बगितली का? दोरीवर वाळत घातलेले कपडे भरल्यात त्यात. वैरागला माहेरी जाती म्हणं.

आता तुमीच सांगा, चूक कुणाची? तिनंच बटण अर्धं उघडं ठिवलं असंल. ह्या पोरींचं ध्यान कुटं असतंय? सकाळी काडी वडली, तर शेगडी ऱ्हायली बाजूला आन् नळीपाशीच भपकन जाळ आला — तिच्या पदराला लागला. पोरगी तितंच खाली रांगत होती. मी वलं पोतं टाकलं, ह्यो बगा हात, फोड आलाय. काशम्मानं टाकीचं बटण बंद केलं, पोरीला उचललं आन् भाईर गेली ती गेलीच. वरडली न्हाय, रडली न्हाय. वरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

काय, ही पट्टी? ती सायकलच्या ट्यूबची हाय. धुळानं बांधली. धुळा म्हंजी कोपऱ्यावर रॉकेलचे स्टो दुरुस्त करतो तो, आमचा स्टो कायम त्यानंच सांभाळला. शिव्या देऊ नका त्याला. तो म्हणतच होता, मावशी, ह्यातलं मला काय कळत न्हाय, एजन्सीचा माणूस बोलवा. मीच म्हणलं, तू बांध रे, वास तेवढा थांबव — कवा म्हंजी? झालं आता काही दिवस. व्हय, यायचा वास. थोडा थोडा. काशम्मानं इचारलं तवा म्हणलं, कांदा नासला असंल कुटंतरी. हुडकत बसली बिचारी, समदी टोपली उपसली तिनं. असं माझ्याकडं बगू नका, मिस्त्री. तुमच्या आईच्या वयाची हाय मी.

खिडकीला काय झालं? चिंध्या? त्या मीच कोंबल्यात. समद्या फटीत. वारा येतो की, आन् वारा आला की दिवा हलतो. तुमचा तो पयला माणूस, टाकी बसवाया आलता, तो सांगून गेलता — खिडकी उघडी ठिवा, जवळपास दिवा नगं. त्या दिवशी मी दिवा मागल्या खोलीत नेऊन ठिवला, तो गेल्यावर परत फळीवर. म्हणून तर वास आला तरी एजन्सीला कळवलं न्हाय. कळवलं असतं तर कुणीतरी आलं असतं आन् दिवा घालवा म्हणलं असतं. आता तुमी म्हणतायच की.

ऐकून घ्या. मग तुमाला वाटंल तसं करा. माझा पोरगा, सिद्धाराम — ट्रकवर होता, डायवरच्या हाताखाली किन्नर. बेंगळूरकडं माल घिऊन गेली गाडी. गाडी परत आली, त्यो न्हाय आला. डायवर म्हणतो, धाब्यावर जेवला, हात धुवाया मागं गेला, तितनं आलाच न्हाय. आता हात धुवाया गेलेलं माणूस कुटं जातंय? पोलिसात जाऊन झालं, अक्कलकोटाकडचे पावणे कन्नड मुलखात हिंडून आले. पोरगी पोटात होती तवा. मी सिद्धेश्वराच्या देवळात उभी ऱ्हाऊन म्हणलं, माझं लेकरू दारात येईस्तवर दिवा इझू देणार न्हाय. तवापास्नं तेल घालती. झोपेत सुद्दा उठून बगती. आन् तुमी म्हणता, आजी, पाच मिनिटं घालवा.

आन् ही टाकी बी त्याचीच हाय की. त्यानंच नंबर लावलेला, लगीन झाल्या झाल्या. चुलीच्या धुरानं काशम्माला खोकल्याची उबळ यायची, जेवता जेवता उठून जायची ती. तो म्हणायचा, आई, हिला गॅस आणणार. मी हसायची. नंबर आला तवा त्यो नव्हता. त्याच्याच नावावर आली टाकी. काशम्मानं हळदकुंकू लावलं तिला आन् नळीला हात लावून बसली कितीतरी वेळ. मी तिच्याकडं बगितलं न्हाय. दिव्याकडं बगत होते.

सकाळी जाळ इझल्यावर ती दारातनं येवढंच बोलली मला. “अत्ती, वाट मी बी बगतीया. पण त्यो आला तर त्याला दाखवाया पोरगी नगं का?”

दिवसभर तेच कानात वाजतंय.

नवस मोडला तर? न्हाय, तुमाला काय म्हाईत असणार, तुमी नळीचं माणूस. मी आपली बडबडतीया. बोलतीय तवर तुमी थांबलाय, म्हणून बोलतीया.

काशम्मा. आत यायचं न्हाय तर नगं येऊ, दारातनंच दे. ही वाटी घे, पोरीच्या बाटलीतलं दूध दे चमचाभर, आन् तुळशीपाशी एक झेंडू हाय, तो आण. — असला दिवा फुंकायचा नसतोय, मिस्त्री, दुधात फूल बुडवून वर ठिवायचं, मग तो शांत होतोय. थांबा. आदी ह्या चिंध्या काढा खिडकीतनं, माझा हात भाजलाय. जोरात वडा, लई घट्ट कोंबल्यात.

आन् ऐका, नळी नवीन बसवा, पैश्याचं बगू. बसवून झाली की पयली काडी मला देऊ नका. तिला द्या. टाकी त्यानं तिच्यासाठी आणलीया.

आण पोरी, फूल आण. मिस्त्री, तुमी जरा भाईर व्हा. घरच्या माणसानंच करायचं असतंय हे.

...

या आता. करा तुमचं काम. मला काय इचारू नका.