तू कुणाचा रे?

दवाखान्यात तपासणीसाठी रक्त द्यायला रांग होती. उपचारांआधीच्या तपासणीला आलेल्या लेइरेनं शिरताच रीतीप्रमाणे विचारलं, "शेवटचं कोण?" पुढच्या ओब्दुलियानं मागे न बघताच हात वर केला आणि शेजारच्या प्रुदेन्सियाशी गप्पा चालू ठेवल्या.

"बेकरीतल्या कासिल्दानं बाईशी लग्न केलं, ते केलंच. आता म्हणे दोघींना मूल हवंय."

"ते कसं गं व्हायचं?"

"सामोरा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन. बाप कोण, ते म्हणे डॉक्टरच निवडतो. यांना फोटोसुद्धा दाखवत नाहीत."

"बाई बाई. आपण टरबूजसुद्धा वाजवून घेतो."

"बापाशिवाय पोराला वळण लागतं का? माझ्या लेकाचा, फर्मिनचा पोरगा बघ, कसा गुणी आहे."

"फर्मिन येतो का गं हल्ली?"

"नाताळात फोन करतो. ते जाऊ दे. उद्या यांच्या पोराला चौकात कुणी विचारलं, 'तू कुणाचा रे?' तर काय सांगेल?"

"'कासिल्दाचा आणि लेइरेचा' म्हणून सांगेल," मागून लेइरे म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं. प्रुदेन्सिया एकदम पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"अगं, आम्ही आपलं सहज बोलत होतो," ओब्दुलिया म्हणाली.

"मीपण काल तुमच्या नातवाला सहजच विचारलं, काकू. 'आजीचा' म्हणाला."