पहिल्या महिन्यापासून शाळेत

विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या रांगेत बी.एड.ला नुकताच प्रवेश घेतलेली एक विद्यार्थिनी उभी होती. पुढे तिच्या मॅडम आपल्या थोरल्या बहिणीशी बोलत होत्या.

“झाली का तुझी शिक्षक-प्रशिक्षणाची तत्त्वं मंजूर?”

“झाली, ताई. होऊ घातलेल्या शिक्षकानं पहिल्या महिन्यापासूनच शाळेत शिकवायला जायचं. एकमतानं.”

“आणि ते विभागप्रमुख? सहा वर्षं आडवे आलेले?”

“त्यांनीच पहिला हात वर केला.”

“काहीतरीच तुझं.”

“अगं, सोमवारी त्यांना तिसरीच्या वर्गात अपूर्णांक शिकवायला उभं केलं. दहा मिनिटांत घाम फुटला. एका चिमुरडीनं विचारलं, ‘सर, तुम्हाला शिकवायला कुणी शिकवलं नाही का?’”

“मग?”

“म्हणाले, ‘नाही गं बाळा. राहूनच गेलं.’”

आता मागे उभ्या विद्यार्थिनीला राहवेना. “मॅडम, मग माझी शाळा कुठली?”